चिठ्ठीची मागची बाजू

"हेस्टर, कोशातलं 'टेक' या इंग्रजी क्रियापदाचं काम संपलं, की म्युरिएलच्या घरी जाऊन तिचे आभार मान हं." कोशकार ऑल्बननं शेवटच्या आजारात बायकोकडून तसं वचनच घेतलं होतं.

काम संपलं, तरी हेस्टरचं पाऊल उचलेना.

"बाईसाहेब, 'टेक'चे निम्मे अर्थ म्युरिएलबाईंनी टपालानं पाठवलेल्या उदाहरणांवरच उभे आहेत हो!" कारकून कौतुकानं म्हणाला.

"माझ्या नवऱ्याला पत्रं धाडायला निमित्त हवं होतं मेलीला!" हेस्टर पुटपुटली.

कागद वाचवायला लोक जुन्या पत्रांच्या पाठीवर शब्दांच्या वापराची उदाहरणं लिहून कोशासाठी पाठवत. म्युरिएलची एक चिठ्ठी हेस्टरनं सहज उलटली. मागे ऑल्बनचं अक्षर होतं, लग्नाआधीचं : "म्युरिएल, मला विसर. लग्न करीन तर हेस्टरशीच."

 

हेस्टरनं चिठ्ठी सुलट करून जागेवर ठेवली, टोपी घातली आणि ती म्युरिएलच्या घराकडे निघाली.