ओरेस्टची आई

चौदा वर्षं कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताचं राजकारण करून, मंत्रिपद भोगून हॅडो न्यायाधीश झाले, आणि पहिल्याच वर्षी त्यांना ओरेस्ट ह्नात्युक या शेतमजुराला फाशी सुनावावी लागली.

फाशीनंतर आठवड्याने ओरेस्टची आई त्यांच्या दारात उभी राहिली.

"मतं मागायला आलात तेव्हा माझ्या हातचं जेवलात, साहेब. म्हणालात, काही अडलं तर खुशाल या. पोराला त्यांनी तुरुंगाच्या आवारातच पुरलंय. मला तो आमच्या चर्चपाशी हवाय."

हॅडोंनी त्याच दिवशी सरकारला पत्र लिहिलं. महिन्याने उत्तर आलं. म्हातारीला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून तिला बोलावून हॅडोच ते वाचून दाखवू लागले.

"आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला आहे..."

ते थबकले. पुढची, 'परंतु'ने सुरू होणारी ओळ त्यांना न वाचताही ठाऊक होती. मंत्री असताना हेच पत्र त्यांनी शेकडो लोकांना धाडलं होतं. ते ऐकणाऱ्या माणसाचं तोंड मात्र आज पहिल्यांदाच बघत होते.

म्हातारीचा चेहरा उजळला. तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"म्हणजे देणार ना, साहेब?"