दोन्ही बाह्या

“‘माइल्स अवे’ म्हणजे माणूस इथंच, पण मन मैलोन्‌मैल लांब,” शिलाई मशीनवर पाय मारत मुलीनं आईला समजावलं. उद्या इंग्रजीची तोंडी परीक्षा होती, आणि विचारांत गढलेल्या माणसाला इंग्रजीत काय काय म्हणतात ते तिला धडाधड येत होतं. मग ती गप्प कशी बसेल?

“पुढं बघ,” आई म्हणाली. “टीप चुकली तर परत बटणं लावायला बसवीन.”

गिऱ्हाइकाचा कपडा मुलीच्या हाती आज पहिल्यांदाच आला होता. बँडमास्तरांचा लाल कोट, त्याची डावी बाही. तिनं बाहीच्या तोंडाशी ऐटीत टीप मारली आणि मशीन आईला दिलं. उजवी बाही आईची.

“तंद्री लागली की ‘ब्राउन स्टडी’.”

“अभ्यासालाही रंग असतो होय?”

“आणि ‘वूलगॅदरिंग’! म्हणजे लोकर वेचत हिंडणं.”

“हे बरंय. निदान स्वेटर तरी होईल.”

मुलगी खो खो हसली, आणि उभी राहून, हातवारे करत, एकेकाची वाक्यंच करून दाखवायला लागली. इंग्रजीत. न अडखळता. आईचे पाय आपसूक चालत राहिले.

बँडमास्तर घाईतच आले. बाहेर सगळा ताफा खोळंबला होता. त्यांनी डावा हात बाहीत घातला, तो बाहेर येईना. “ताई, हात अडकला हो!”

मुलीनं बाहीचं तोंड चाचपलं. बाहीचे वरचे-खालचे पदर एकत्रच शिवले गेले होते, तोंडच बंद. आटोपलं. गेलं मशीन.

“माझ्याकडून झालं,” ती पुटपुटली.

“असू दे, तोवर दुसरी घालतो,” म्हणत मास्तरांनी उजवा हात घातला. तोही आतच!

मग मुलीनं डोळे विस्फारले. “आई! ही तर तुझी!”

आई चक्क लाजली. “तू इतकं फाडफाड बोलत होतीस... ऐकतच राहिले गं.”

“मग आता? मी बटणं?”

“तुला बसवलं तर मलाही बसावं लागेल. शिवणार कोण मग?” आईनं तिच्या हातात छोटी कात्री दिली. “तुझी तू उसव, माझी मी.”

दोघी दोन बाजूंना बसल्या. मधे मास्तर, हात पसरून. बाहेर कुणीतरी कंटाळून ड्रम बडवायला घेतला, तशा त्या लाल बाह्या, पंजांवाचूनच, हवेत ताल देऊ लागल्या.

“हलू नका हो, मास्तर!” दोघी एकदमच ओरडल्या.