चालकांचं मत

"चारही चाकं ओढणारी गाडी कंपनीनं बंद केली, काका," शोरूममधला विक्रेता म्हणाला. "आता फक्त पुढची दोन ओढतात."

लेकीची बदली डोंगरावरच्या दवाखान्यात झाली होती. रोज तोच निसरडा चढ. मी माहितीपत्रक मिटून त्याला परत दिलं.

"बाबा, किती दिवस घाबरणार?" ती हळूच म्हणाली.

"अहो काका, चालकांना विचारूनच ठरवलंय. चारही चाकांच्या ओढीवाचून आमचं कधी अडलं नाही, असं सगळेच म्हणाले."

"त्या चढावरच्यांनाही विचारलंत?"

"तर! रोज ये-जा करणाऱ्या एकूण एक माणसाला."

"म्हणजे जे खाली परत आले, त्यांना," मी म्हणालो. "हिच्या आईला विचारायचं राहिलंच."