एक मीटर वाढवा

पलटणीत ग्रेनेड लाँचर शिकवणारे उस्ताद नव्या जवानांकडून एकच धडा घोटून घ्यायचे. "आधी लेझरने भिंतीचं अंतर मोजा, मग त्यात एक मीटर वाढवा. ग्रेनेड भिंत ओलांडून बरोबर मागे लपलेल्याच्या डोक्यावर फुटतो!"

उस्ताद सुट्टीवर घरी आले, तर बायकोने हातात टेप ठेवली. "रविवारी माझी आई येतेय. पडद्यांची मापं शिंप्याला नीट द्या, तिच्यासमोर माझं हसं नको."

"मापं? मला सांगतेस?" उस्तादांनी छाती फुगवली.

रविवारी सासूबाईंच्या देखतच पडदे लागले आणि प्रत्येकाचं मीटरभर कापड फरशीवर लोळू लागलं. बायकोने कपाळाला हात लावला.


"अहो, तुम्ही खिडकी मोजलीत, की तिच्यामागे लपलेला शत्रू?"