संग्रहालयातलं जेवण

"तिथला एसी लई गार असतोय, पोरीला स्वेटर घे," नवऱ्यानं बजावलं, तर मनिषा म्हणाली, "मे महिन्यात कसला स्वेटर!"

बारामतीच्या कलासंग्रहालयातल्या हॉटेलात जेवताना तिचा सगळा जीव दोन वर्षांच्या ईश्वरीच्या हातांवर होता; पोरीनं भिंतीवरच्या एखाद्या कलाकृतीला हात लावला तर? तेवढ्यात पोर कुडकुडायला लागली. तिला सासूबाई बानूबाईंच्या मांडीवर देऊन मनिषा एसी कमी करायला सांगून आली, तोवर पोर उबेत गाढ झोपलेली आणि भिंतीवर नुसते दोन खिळे.

"एवढी झकास घोंगडी टांगून ठेवल्याय," बानूबाई म्हणाल्या, "भिंतीला थंडी वाजती व्हय?"



तुम्हीही सासूबाईंना घेऊन संग्रहालयात जेवायला गेला असाल, तर पोरांचं राहू द्या. मोबाइल खाली ठेवा आणि आधी त्या काय करतायत ते बघा.