जोडहाते

अनंतची बायको हेमा गेल्याचं सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पडलं आणि त्याच्या फोनवर जोडलेले हात यायला लागले. दुपारी स्मशानातून परत आला, तरी ते येतच होते.

धायरीच्या त्या बिल्डिंगमध्ये जिन्यात जो भेटला तो एकच वाक्य बोलला. "काही लागलं तर हक्कानं सांगा." बोलताना प्रत्येकाचं एक पाऊल लिफ्टमध्ये होतं.

घरात हेमाची आई, यमुनाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून नुसत्या चहावर. मधुमेहाची गोळी जेवल्याशिवाय घ्यायची नव्हती.

"आई, मी थोडा भात लावतो."

"आज या घरात गॅस पेटायचा नाही, अनंतराव. पिठलं-भात शेजारून येतो."

"मग विकतचं आणतो."

"विकतचं नको. येईल. लोक आहेत ना."

अनंत समोरच्या दारात गेला. दिग्विजयने कानातला इअरफोन काढला. "बोला ना काका. काहीही लागलं तरी—"

"लागलंय. पिठलं-भात. आईंना."

"ओह." दिग्विजयने मागे बायकोकडे पाहिलं. "शुअर काका. ऋचा कॉलवर आहे. मी ग्रुपवर टाकतो, कुणीतरी अरेंज करेलच."

त्याने खरंच टाकलं. खाली लगेच जोडलेले हात आले. बी विंगच्या नम्रताने लिहिलं, 'सो थॉटफुल, दिग्विजय.' त्यावर दिग्विजयनेही हात जोडले.

संध्याकाळ झाली. डबा आला नाही.

अनंतला या लोकांसाठी शब्द सापडत नव्हता. ढोंगी म्हणावं, तर ढोंगाला मेहनत लागते. गोडबोले म्हणावं, तर पहिल्या मजल्यावर खरेच गोडबोले राहत होते आणि ते बिचारे कुणाशीच बोलत नसत. असल्यांना नाव शोधायचं काम हेमाचं. बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला तिनं एकेक दिलेलं होतं.

तो उठला, फडताळातला हाताला लागेल तो स्टीलचा डबा पिशवीत घातला आणि कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून पिठलं-भात भरून आणला. वर आल्यावर स्वतःच्याच दाराची बेल वाजवली, मग किल्लीने दार उघडलं.

"आई, आलं बघा. समोरून."

यमुनाबाईंनी डबा मांडीवर घेतला. झाकणावरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला. झाकणावर अक्षरं कोरलेली होती. 'चि. हेमास, आईकडून.'

अनंतने मान खाली घातली.

"समोरून आलं म्हणता?"

"हो."

"बरं." त्यांनी डबा उघडला. एक घास खाल्ला, मग दुसरा. "मीठ कमी आहे. केंद्रातलं दिसतंय."

पण त्या जेवल्या. त्यांनी गोळी घेतली.

फोन पुन्हा वाजला.

"काय म्हणतात?"

"हात जोडलेत."

"अजून?"

"अजून."

यमुनाबाईंनी झाकण लावलं. "सदा जोडलेलेच. मग डबा कशानं धरणार? जोडहाते मेले."

अनंतला हसू फुटलं. दिवसभर हाच शब्द तो शोधत होता. त्या हसण्यातच तो उठला, आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि "अगं, ऐकलंस का" एवढं म्हणून थांबला.

पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

तो शब्द हेमाला सांगायचा राहिला.