न भरणारं गटार

सकाळपासून पाऊस झोडपत होता. रस्त्याकडेच्या उघड्या गटारांची पाहणी करणाऱ्या इंजिनिअर बाई काठीने पाणी मोजत उतार उतरत होत्या. सगळीकडे गटार काठोकाठ भरलं होतं. शेवटच्या घरासमोर मात्र तळ दिसत होता.

दारातल्या आजोबांना त्याचं कोण कौतुक. "पैकीच्या पैकी मार्क लिहा, बाई. आभाळ फाटू दे, आमचं गटार कधी भरत नाही. शेजारी जळतात आमच्यावर."

बाईंनी वळून पाहिलं. दहा पावलांवर खळाळत आलेलं पाणी आजोबांच्या कुंपणाखालच्या भगदाडात गुपचूप शिरत होतं.

"आजोबा, घरात कोण आहे?"

"सूनबाई. तान्ह्याला निजवतेय. का, चहा सांगू?"

"नको. दोघांना आधी बाहेर बोलवा. गटाराचं सगळं पाणी तुमच्या घराखाली जातंय. खालची माती केव्हाच वाहून गेली असेल."

आजोबांचं हसू ओठांवरच विरलं. "सूनबाई, बाळाला घेऊन बाहेर ये बघू," त्यांनी हाक मारली.



"येते बाबा," आतून आवाज आला, "पण खोलीचं दार चौकटीत घट्ट अडकलंय. मघाशी तर सहज लागलं होतं."